मी शपथ पाळली तेव्हा

माझा हात चांगला होता. या वयात हे सांगायला लाजण्याचं कारण नाही. बालाघाटच्या बसस्टँडपासून कोर्टापर्यंत कोणी चालत गेलं, तर दर तिसरी पाटी माझ्या हातची दिसायची. कपड्याचं दुकान, सायकलचं दुकान, वकिलाची पाटी, धानाच्या आडतीची पाटी. आता सगळीकडे फ्लेक्स आले. माझी नात मोबाइलवर अक्षरं दाबते आणि विचारते, "आजोबा, आप ये सब हाथ से करते थे?" मी हौ म्हणतो. तिला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदीत, आणि मीही आता तिच्याशी अर्धंमुर्धं हिंदीतच बोलतो. तिला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे.

पाटी लिहिणं मला नसीम उस्तादांनी शिकवलं. उंच, किडकिडीत माणूस, कानावर कायम एक बारीक ब्रश अडकवलेला. देवनागरीत अक्षरं आधी सुटी लिहायची आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ ओढायची, तीही एका दमात. उस्ताद म्हणायचे, "सांस रोक, लकीर खींच, फिर सांस ले." हात मध्येच थांबला तर तिथे गाठ दिसते, आणि ती गाठ गिऱ्हाइकाला दिसली नाही तरी पेंटरला आयुष्यभर दिसते. मी अठराव्या वर्षी अशी रेघ ओढत होतो, की उस्ताद बिडी विझवून बघत उभे राहायचे. त्यांनी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण बाजारात दुसऱ्यांना सांगायचे, आणि ते माझ्यापर्यंत पोहोचायचंच.

आमचं घर छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, जवळ होतं. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत चूल. गाडी गेली की ताटाळ्यातली ताटं किणकिणायची. मायला घड्याळाची गरजच नव्हती. लामत्याकडची गाडी गेली की ती वरण उतरवायची आणि परतीची शिट्टी ऐकली की बाबांच्या आंघोळीचं पाणी तापवायची. बाबा राइस मिलमध्ये फिटर होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर कोंडा बसलेला असायचा, आणि अंगणात उभं राहून ते आधी डोकं झटकायचे. दोघंही भंडाऱ्याकडचे, म्हणून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. जेवणात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आंबाडीची भाजी, कधी सुक्या मासोळीची चटणी. दिवाळीच्या मागेपुढे नवा चिन्नोर तांदूळ आला की त्याचा वास शेजारच्या चार घरांपर्यंत जायचा. माय पहिलं पातेलं उतरवून झाकण उघडायची आणि मुद्दाम थोडा वेळ तसंच ठेवायची, घर वासानं भरू द्यायची. हा वास मी मधली तीनेक वर्षं घेतलाच नाही. पातेलं तिथेच होतं, वासही तिथेच होता, माझं नाक मेलं होतं.

बाबा दारूला शिवले नव्हते. आमच्या वॉर्डातल्या विहारात रविवारी सकाळी तेच वंदना घ्यायचे. पांढरा सदरा, हात जोडलेले, खणखणीत आवाज. ते एकेक शील म्हणायचे आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे. पाचवं शील नशा न करण्याचं. ते मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचो, आणि म्हणताना तोंड जरा खाली करायचो, कारण पुढच्या ओळीत बसलेल्यांना वास जाईल अशी भीती वाटायची. तेवीस-चोवीस वर्षांचा होतो मी तेव्हा.

सुरुवात कुणाच्या जबरदस्तीनं झाली नाही, हे स्पष्ट लिहायला हवं, कारण नंतर लोकांनी बिचाऱ्या उस्तादांकडे बोट दाखवलं. ते स्वतः पान आणि बिडीपलीकडे गेले नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत भिंती रंगवायला आम्ही चार पेंटर गावोगाव फिरायचो. दिवसभर उन्हात शिडीवर. काम संपलं की गावातलं कोणीतरी मोहाची दारू आणायचं. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा घसा जळला आणि मी खोकत सुटलो, सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी शाळेची मोठी भिंत होती आणि बघायला अख्खं गाव जमलेलं. लोक बघत असले की माझ्या पोटात गोळा यायचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शिडीवर चढण्याआधी दोन घोट घेतले. गोळा विरघळला. रेघ अशी निघाली, की मीच बघत राहिलो. मला वाटलं, सापडलं. दारू मला मजेसाठी आवडली असती तर कदाचित लवकर सुटली असती. मला ती कामाची वाटली.

दोन-तीन वर्षं तिनं काम केलं. मग हळूहळू हिशोब उलटा झाला. सकाळी उठलो की बोटं थरथरायची. कप बशीवर ठेवताना वाजायचा, म्हणून मी चहा पेल्यात घ्यायला लागलो. दात घासताना कोरड्या उलट्या यायच्या आणि माय म्हणायची, "पित्त झालं तुले, आवळा खात जा." एक घोट पोटात गेला की दहा मिनिटांत हात शांत. आधी हात चांगला चालावा म्हणून प्यायचो, आता नुसता हात राहावा म्हणून. भूक गेली. पोट वर आलं आणि दंड बारीक झाले. पावलं अशी बधिर झाली, की एकदा बाजारातून घरी आलो तेव्हा मायनं विचारलं, "एक चप्पल कोठी टाकली रे?" मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कुठे सुटली, मी किती अंतर अनवाणी चाललो, मला कळलंच नव्हतं. तळव्यात काटा मोडला होता आणि तोही मायनंच बघितला.

तिनं काटा काढला. मी पितो हे तिच्या लक्षात आलं नाही असं मी तेव्हा समजत होतो.

माझी लपवायची जागा मोठी हुशारीची होती. मोहाची दारू पाण्यासारखी स्वच्छ असते, टर्पेन्टाइनही तसंच. मी टर्पेन्टाइनच्या रिकाम्या डब्यात दारू भरून पिशवीत ब्रशांबरोबर ठेवायचो. पेंटरच्या पिशवीत टर्पेन्टाइनचा डबा कुणाला खटकणार? अंगाला रंगाचा वास, त्याखाली दारूचा वास. घाईत एकदा चुकीचा डबा तोंडाला लावला. खरं टर्पेन्टाइन तोंडभर गेलं, जीभ सोलून निघाली, मी थुंकलो, नळाखाली तोंड धरून बसलो. आणि तोंड स्वच्छ झाल्यावर दुसरा डबा उघडला. हे आठवलं की आजही मला स्वतःचा राग येत नाही, आश्चर्य वाटतं.

पकडला गेलो तोही त्याच हुशारीमुळे. एका दुपारी मायच्या लुगड्याला माझ्या शर्टाचा निळा रंग लागला. मी पडवीत झोपलो होतो. रंग टर्पेन्टाइननं निघतो हे तिला माहीत होतं, तिनं पिशवीतून डबा काढला, चिंधी भिजवली आणि डाग घासायला बसली. डाग काही हलेना. तिनं आणखी ओतलं, आणखी घासलं. मग चिंधी नाकाला लावली. मी जागा झालो तेव्हा ती माझ्यासमोर उकिडवी बसलेली होती, हातात ती ओली चिंधी.

"कवापासून?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "काय?"

"मले वाटे पोट्टा कवा तरी घेत असन, लगनाबिगनात. मी डोळे झाकले." तिनं चिंधी माझ्या हातात दिली. "हा डबा रोज भरते तू. रोज."

ती रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिनं संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, माझ्यासमोरच, चिंधी पुढ्यात ठेवून.

बाबांनी आवाज चढवला नाही. आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि मला विहारात घेऊन गेले. तिथे त्या वेळी कोणी नव्हतं. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. म्हणाले, "दर रविवारी माह्यामागं म्हणत होता. आज मी म्हणत नाही. तू एकटा म्हण. आणि आजपासून थेंब नाही. आजपासून म्हंजे आत्तापासून."

मी म्हणालो. आवाज फाटला, पण म्हणालो. आणि मला खोटी शपथ घ्यायची नव्हती. माझ्याविषयी लोक काहीही म्हणोत, त्या क्षणी मी खरा होतो. घरी येऊन दोन्ही डबे, खऱ्या टर्पेन्टाइनचासुद्धा, मायसमोर मोरीत ओतले. बाबा पडवीत बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी मॅट्रिक झालो तेव्हाही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी घामानं भिजलो होतो. हात तर हात, जीभसुद्धा थरथरत होती. माय म्हणाली, "दारू निघून राह्यली अंगातून, निघू दे." आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं, की विष आहे, बाहेर पडतंय, पडू द्यावं. बाबा मिलमध्ये गेले होते, जेवायला घरी आले. मायनं वाढलं. मी भात कालवला, पहिला घास उचलला, आणि पुढचं मला मायच्या तोंडून कळलेलं आहे. ताट उडालं. मी आडवा पडून ताठ झालो, दात आवळले गेले, हातपाय झटके मारत होते. जिभेतून रक्त आलं. दोन-तीन मिनिटं असं चाललं असेल, मग मी घोरायला लागलो.

शेजारपाजारचे गोळा झाले. कोणी कांदा नाकाशी धरला, कोणी चप्पल. एक म्हातारी म्हणाली, बाहेरचं लागलं आहे, कटंगीकडचा एक मांत्रिक उतरवतो. बाबा म्हणाले, "माह्या घरात अंगारा-धुपारा येणार नाही." शेजारचा गणपत ट्रकवर ड्रायव्हर होता, त्यानं बाबांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काका, दोन घोट द्या त्याले. मी पाह्यलं आहे रस्त्यावर असं. एकदम सुटली की असं होते." बाबा त्याच्यावर कडाडले, "शपथ घेतली पोट्ट्यानं, अन् मी माह्या हातानं मोडू?" आज मला कळतं, त्या गर्दीत आजाराची खूण ओळखणारा गणपत एकटाच होता. इलाज मात्र त्याचाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी बाबा सकाळी कामावर गेले, कारण मी शांत पडून होतो. दुपारच्या उन्हात भिंत उजळली आणि तिच्यावर अक्षरं आली. आमच्या घराच्या भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं. पण मला दिसत होती, माझीच अक्षरं, लाल, निळी, काळी. आधी ती नुसती होती. मग वरची रेघ सुटली आणि सगळी अक्षरं खाली लोंबकळायला लागली, मुंग्यांसारखी भिंतीवरून उतरली, चटईवर आली, माझ्या पायावर चढली. मी ती तळहातानं दाबून परत भिंतीवर बसवत होतो. एक बसवलं की दोन सुटायची. मी माझ्या मायला ओळखलं नाही. तिला म्हणालो म्हणे, "बाई, दुकान उघडाची वेळ झाली, पाटी सुटून राह्यली, मले धरू लागा." अंग तापलेलं, तळहात भिंतीवर घासून सोललेले, आणि मी थांबतच नव्हतो.

मायनं कुणाला विचारलं नाही. आमच्या घरातला प्रत्येक निर्णय बाबांचा असायचा, भाजी कोणती आणायची हासुद्धा. त्या दिवशी तिनं गणपतला हाक मारली, त्यानं मला मागून धरलं आणि दोघांनी ऑटोत कोंबलं. जाताना तिनं घराला कडीसुद्धा लावली नाही. मिलवर निरोप पाठवला, "त्याईले म्हणा, मी पोराले दवाखान्यात नेलं. राग आला तर येऊ द्या, पण तिथं या."

दवाखान्यात एक डॉक्टरीण बाई होत्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, बोलायला फटकळ. त्यांनी मला बघितलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट दाबलं आणि मायला पहिला प्रश्न विचारला, "आखरी बार कब पी थी?" झटका कधी आला हे त्यांनी नंतर विचारलं. मायनं सांगितलं, तीन दिवस झाले, थेंब नाही घेतला. तिला वाटलं, हे चांगलं सांगतो आहोत. बाईंनी लगेच इंजेक्शन भरायला लावलं आणि मला पलंगाला कापडानं बांधलं.

पुढचं संभाषण मायनं मला इतक्यांदा सांगितलं आहे, की मी ते ऐकलं असं मलाच वाटतं. बाबा धावत आले होते. भुवयांवर कोंडा तसाच. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "एकदम बंद करने को किसने बोला?"

बाबा म्हणाले, "मैंने."

"और इसने मान लिया?"

"हौ. शपथ ली इसने."

"इसीलिए मर रहा था," बाई म्हणाल्या. "बेईमान होता तो छुपके पी लेता, और आज यहाँ नहीं होता."

मग बाईंनी बाबांना स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं, आणि तेच नंतर बाबांनी मला, आणि मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं आहे. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या ओझ्याखाली काम करायला शिकतो. जो दार ढकलून धरतो, त्याच्यासमोरून दार एकदम काढलं तर तो तोंडावर आपटतो. तसा मेंदू आपटतो. थरथर, घाम, झटके, भास, आणि कधीकधी माणूस जातो. सोडायचीच असते, पण डॉक्टरच्या हाताखाली, औषध देऊन, पायरी पायरीनं. त्यात मनाचा कमजोरपणा नाही आणि शपथेचा मोठेपणाही नाही. अंगाचा आजार आहे, मधुमेहासारखा, त्याला अंगाचा इलाज लागतो. बाबा म्हणाले, "मुझे लगा, पाप है." बाई म्हणाल्या, "तो पाप समझके भी दवाखाने लाना था."

मी शुद्धीवर आलो तेव्हा दोन दिवस गेले होते म्हणे. बाबा स्टुलावर होते आणि ओल्या कापडानं माझे तळहात पुसत होते. सोललेल्या जागा टाळून, एकेक बोट वेगळं करून. माझे डोळे उघडे बघून ते म्हणाले, "पेज आणली मायनं. घेतो का?" एवढंच. मी हौ म्हणालो. तांदळाची पातळ पेज, मिठाचा खडा टाकलेली. त्यांनी चमच्यानं पाजली. मिलमधले जाड हात, चमचा सारखा माझ्या दातांवर आपटत होता.

दवाखान्यातले दिवस मला आवडीनं आठवतात, हे ऐकून लोक हसतात. मला ताकदीची इंजेक्शनं मिळत. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, दारूनं शरीरातली काही सत्त्वं धुऊन नेली आहेत, म्हणून पाय बधिर. लिव्हरला सूज आहे पण ते अजून मेलेलं नाही, तू त्याला सोडलंस तर ते सावरेल. "जिगर बड़ा शरीफ़ होता है," त्या म्हणाल्या, "माफ़ कर देता है, मगर कितनी बार करेगा, वो नहीं बताता." मला हे बोलणं फार पटलं. उपदेश मी खूप ऐकले होते. माझ्या शरीरात नेमकं काय मोडलं आहे आणि काय जुळू शकतं, हे मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. एखाद्या फिटरनं मशीन उघडून दाखवावं तसं. बाबांनाही ते त्यामुळेच समजलं असावं.

घरी आलो. बाबांनी मिलमध्ये पाळी बदलून घेतली आणि रोज सकाळी मला वैनगंगेवर चालायला नेऊ लागले. मी बधिर पायांनी वेडावाकडा चालायचो, ते दोन पावलं पुढे, मागे न बघता. बोलायचे नाहीत. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी रेतीत पाय टाकला आणि मी थांबलो. रेती गार होती. मी म्हणालो, "बाबा, गार लागून राह्यलं." ते वळले, खाली बसले आणि त्यांनी माझ्या तळव्यावर बोटानं रेघ ओढली. "हे समजते?" "हौ." "अन् हे?" "हौ." आजूबाजूला आंघोळीला आलेले लोक बघत होते. बाबांना त्याचं भान नव्हतं.

उस्तादांकडे मी स्वतःहून गेलो. हात अजून थोडा थरथरत होता. त्यांनी जुना पत्रा पुढे टाकला आणि म्हणाले, रेघा ओढ. फक्त रेघा, अक्षर नाही. मी हाताला दुसऱ्या हाताचा आधार देऊन थरथर दाबायला बघत होतो. ते ओरडले, "कांप रहा है तो कांपने दे! छुपा मत." महिनाभर मी रेघा ओढल्या. सगळ्यांत गाठी. उस्ताद रोज संध्याकाळी तो पत्रा पुसून टाकायचे आणि सकाळी पुन्हा पुढे ठेवायचे. लोक बघत असले की पोटातला गोळा पुन्हा यायला लागला होता. या वेळी मी तो उस्तादांना सांगितला. ते म्हणाले, "मुझे आज भी आता है." चाळीस वर्षं पाट्या लिहिणारा माणूस. हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर, असा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. पण मीही कुठे विचारलं होतं?

आणि मी एकदा पडलो, तेही लिहितो. पाच महिने झाले होते. लामत्याला मित्राचं लग्न होतं, वरातीत पेला हातात आला आणि मी घेतला. एकावर थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर बाबा अंगणात सायकलची चेन बसवत होते. पळून जावं असं वाटत होतं. मी म्हणालो, "बाबा, काल मी प्यालो." त्यांचा हात थांबला. चेनचं काळं वंगण बोटांना लागलेलं. मला वाटलं, आता मारतील, मारलं तर बरं. त्यांनी बोटं पुसली, चप्पल घातली आणि म्हणाले, "चाल. डॉक्टरीण बाईनं सांगतलं होतं, पडला तर लाजू नोका, घेऊन या." वाटेत एकदाच बोलले, "तू सांगतलं. मले दुसऱ्या कोणी सांगतलं नाही." त्यानंतर मी प्यालेलो नाही. कितीदा प्यावंसं वाटलं ते वेगळं.

दवाखान्यातून सुटून वर्ष झालं तेव्हा घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. वारासिवनीची मुलगी, पुष्पा नाव, वडील शाळेत शिपाई. आम्ही तिघं बसनं गेलो. बाबांनी आदल्या दिवशी मायला सांगितलं होतं, "सांगा लागते त्याईले." माय म्हणाली होती, "सांगू ना, लगन तर जमू द्या." मी दोघांचं ऐकलं होतं. पोहे झाले, चहा आला. पुष्पा ट्रे ठेवून दाराशी उभी राहिली. तिचे वडील माझ्या कामाविषयी विचारत होते, वारासिवनीतली एक पाटी त्यांनी बघितली होती, ती आवडली होती. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मी दारू पीत होतो. रोज. दवाखान्यात भरती होतो. आता वर्ष झालं, मधात एकदा घेतली, मग नाही."

माय माझ्याकडे बघत राहिली. पुष्पाचे वडील उठून उभे राहिले. "असं कसं हो," ते बाबांना म्हणाले, "तुम्ही तर विहारात वंदना घेता म्हणे."

बाबा म्हणाले, "हौ, घेतो. हा माहा पोरगा आहे."

बाहेर एका मिलचा भोंगा वाजून गेला. तेव्हा पुष्पा दारातून म्हणाली, "झोप लागते का तुम्हाले?"

असा प्रश्न मला डॉक्टरीण बाईंशिवाय कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "कमी लागते. दोन-तीन तास. मग उठून बसतो."

"अन् मग काय करता?"

"पत्र्यावर रेघा ओढतो."

ती म्हणाली, "माह्या दादानं सोडली होती. झोप लागत नव्हती त्याले. कोणाले सांगे नाही. म्हणून गेला तो परत दारूकडं, अन् मग गेलाच." तिच्या वडिलांनी मान खाली घातली. त्यांच्या घरात हे नाव बरेच दिवसांनी घेतलं जात होतं, हे मला परक्यालासुद्धा कळलं.

"मी सांगत जाईन," मी म्हणालो.

पुष्पानं माझ्याकडे सरळ बघितलं, मग वडिलांकडे वळली. "बाबा, बसा तुम्ही," ती म्हणाली. "चहा थंडा होऊन राह्यला त्याईचा."